नीट पुन्हा देताय? नव्या पुस्तकाआधी जुना पेपर काढा

नीटचा, म्हणजे एमबीबीएससारख्या वैद्यकीय प्रवेशाच्या परीक्षेचा, निकाल लागला की पहिले आठ-दहा दिवस घरात कुणाला काही सुचत नाही. मग कुणीतरी एका रिपीटर (परीक्षा पुन्हा देणाऱ्यांच्या) बॅचची जाहिरात दाखवतं, फी भरली जाते आणि मुलगा किंवा मुलगी पुन्हा पहिल्या धड्याच्या पहिल्या लेक्चरला जाऊन बसते. घाई समजण्यासारखी आहे, पण दुसरं वर्ष बहुतेकदा इथेच घसरायला लागतं. फळ्यावरचं सगळं ओळखीचं असतं. ओळखीचं असलं की ‘हे मला येतं’ असं वाटतं आणि हात वहीकडे जात नाही. चार महिन्यांनी पहिल्या मोठ्या टेस्टमध्ये मार्क गेल्या वर्षीच्याच आसपास येतात, मग धीर सुटतो. येरे माझ्या मागल्या.

म्हणून बॅच लावायची असो वा घरी अभ्यास करायचा असो, पहिले तीन दिवस फक्त गेल्या वर्षीच्या पेपराला द्या. प्रश्नपत्रिका तुम्हाला घरी नेता आलेली असते. अंतिम उत्तरतालिका आणि आपल्या ओएमआरची (गोल भरायच्या उत्तरपत्रिकेची) स्कॅन प्रतही काही दिवस लॉगिनवर असते, ती त्याच वेळी उतरवून ठेवलेली असावी. नसेल तर प्रश्नपत्रिका समोर ठेवून आठवेल तशी उत्तरं मांडा, तेवढंही चालेल.

पेपराची चिरफाड

२०२५ पासून पेपर पुन्हा जुन्या साच्यात आला आहे. १८० प्रश्न, १८० मिनिटं, ७२० मार्क. फिजिक्सचे ४५, केमिस्ट्रीचे ४५, बायोलॉजीचे ९०. सगळे प्रश्न सक्तीचे. ‘१५ पैकी कोणतेही १०’ ही सवलत गेली. बरोबर उत्तराला ४ मिळतात, चुकीच्याला १ जातो. याचा अर्थ चुकलेला प्रश्न तुम्हाला खरं तर ५ मार्कांना पडतो आणि सोडलेला ४ मार्कांना. हिशोब याच पद्धतीने मांडायचा.

समजा एखाद्याला ४१२ मार्क आहेत. ११२ बरोबर, ३६ चूक, ३२ सोडलेले. गेलेले मार्क ३०८, त्यातले १८० चुकांमधून आणि १२८ सोडलेल्या प्रश्नांमधून. आता त्या ३६ चुका एकेक करून पाहायच्या आणि प्रत्येकीपुढे कारण लिहायचं. कारणं चारच ठेवा: मुळात समजलेलंच नव्हतं; समजलं होतं, पण आठवलं नाही; येत होतं, पण वाचण्यात किंवा आकडेमोडीत चुकलं; काहीच माहीत नव्हतं आणि ठोकून दिलं.

मोजल्यावर असं दिसलं असं धरू: न समजलेले ८, विसरलेले १४, वाचण्या-आकडेमोडीतले ९, ठोकलेले ५. मधल्या दोन गटांतल्या २३ प्रश्नांचे मिळून ११५ मार्क होतात. या ११५ मार्कांसाठी एकही नवं लेक्चर लागत नाही, लागते ती उजळणी आणि शिस्त. उलट एखाद्याच्या यादीत ‘समजलेलंच नव्हतं’ याच गटात २० प्रश्न असतील, तर त्याला ते धडे कुणाकडून तरी मुळापासून शिकणं भाग आहे. दोघांनी एकच बॅच लावून एकच वेळापत्रक पाळलं, तर एकाचं वर्ष वाया जाणार हे उघड आहे.

सोडलेल्या ३२ प्रश्नांचेही दोन भाग करा. वेळ संपला म्हणून राहिलेले वेगळे, वाचून सोडून दिलेले वेगळे. वेळेअभावी राहिलेले प्रश्न आता घरी बसून सोडवून पाहा. त्यातले बरेच बरोबर आले, तर अडचण ज्ञानाची नाही, पेपर कोणत्या क्रमाने आणि किती वेगाने सोडवला याची आहे.

या तीन दिवसांत एक प्रामाणिक प्रश्नही सोडवावा लागतो: वर्ष द्यायचं की नाही. पात्रतेचा पर्सेंटाइल (शंभरातले किती विद्यार्थी तुमच्या मागे आहेत तो आकडा) आणि प्रवेश मिळण्याइतके मार्क या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. खुल्या गटाला ५० पर्सेंटाइल आणि एससी, एसटी, ओबीसींना ४० पर्सेंटाइल लागतो. तेवढ्याने फक्त समुपदेशनाच्या, म्हणजे प्रवेशफेऱ्यांच्या, रांगेत उभं राहता येतं. सरकारी एमबीबीएसची जागा त्याच्या बरीच वर असते. आपल्या प्रवर्गाचा राज्य कोट्यातला गेल्या वर्षीच्या शेवटच्या फेरीचा कटऑफ काढा आणि आपल्या मार्कांशी ताडून पाहा. पेपर अवघड-सोपा झाला की मार्क खूप हलतात (खुल्या गटाची पात्रता २०२४ ला १६२ होती, २०२५ ला १४४ वर आली), त्यामुळे मार्कांपेक्षा रँकवरून अंदाज बांधा. बीडीएस, बीएएमएस, बीएचएमएस, पशुवैद्यकीय यांचे प्रवेशही नीटच्याच मार्कांवर होतात. त्यातलं काही मनापासून चालणार असेल तर ते आत्ताच ठरवा. जागा घेऊन नंतर सोडायची असेल, तर त्या फेरीचे दंडाचे आणि पुढच्या वर्षी अपात्र ठरण्याचे नियम आधी वाचा. किती वेळा परीक्षा द्यावी याला बंधन नाही आणि वयाची वरची मर्यादाही सध्या नाही. पण म्हणून तिसरं वर्ष हाताशी आहे असं धरून दुसऱ्याची आखणी करू नका.

पुस्तकं कोणती, आणि त्यात काय नाही

राज्य मंडळातून बारावी केलेल्यांना पहिला फटका इथे बसतो. मंडळाची पुस्तकं वाईट नाहीत, पण नीटमधल्या बायोलॉजीची वाक्यं एनसीईआरटीच्या (सीबीएसई शाळांत चालणाऱ्या) पुस्तकातून जवळजवळ जशीच्या तशी उचललेली असतात. आकृत्यांखालची ओळ, तक्त्यातला एक रकाना, धड्याच्या शेवटचा सारांश यांवरही प्रश्न येतात. अकरावीचे १९ आणि बारावीचे १३, असे ३२ धडे नव्या आवृत्तीत आहेत. बायोलॉजीसाठी हेच मुख्य पुस्तक. बाकीचं सगळं सरावासाठी.

मात्र नव्या आवृत्तीवर पूर्ण विसंबून चालत नाही. २०२४ च्या परीक्षेपासून लागू झालेला अभ्यासक्रम आणि एनसीईआरटीची कमी केलेली पुस्तकं एकमेकांशी तंतोतंत जुळत नाहीत. केमिस्ट्रीत पी-ब्लॉक अभ्यासक्रमात आहे, पण अकरावी-बारावीच्या नव्या पुस्तकांतून तो काढला आहे. त्यासाठी जुनी आवृत्ती मिळवा. फिजिक्समध्ये प्रायोगिक कौशल्यं हा वेगळा घटक आहे: व्हर्नियर, स्क्रू गेज, लंबक, यंगचा गुणांक वगैरे. केमिस्ट्रीतही प्रात्यक्षिकांवरचा घटक आहे, त्यात सॉल्ट अॅनालिसिस येतं. बायोलॉजीत माल्वेसी, क्रुसिफेरी, लेग्युमिनोसी, कम्पोझिटी, ग्रॅमिनी ही कुळं अभ्यासक्रमात दिली आहेत. ती नव्या पुस्तकात शोधत बसू नका, वेगळ्या नोट्स काढा. उलट सॉलिड स्टेट, सरफेस केमिस्ट्री, पॉलिमर्स हे गेल्या वर्षी सवयीने केलं असेल तर आता बाजूला ठेवा. अधिकृत अभ्यासक्रमाची छापील प्रत भिंतीवर लावा आणि तिच्यावरच खुणा करा.

प्रत्येक विषयाला एक सिद्धान्ताचं पुस्तक आणि एक प्रश्नसंच पुरतो. दोनाची पाच झाली की कुठलंच पूर्ण होत नाही. मागच्या दहा वर्षांचे पेपर याशिवाय हवेतच.

वर्षाची विभागणी

जुलै ते मे असे ४० हून थोडे जास्त आठवडे मिळतात. नोव्हेंबरअखेर पूर्ण अभ्यासक्रम एकदा, डिसेंबर-जानेवारीत दुसऱ्यांदा, फेब्रुवारीपासून फक्त मिश्र सराव आणि पूर्ण पेपर. पहिल्या फेरीला पाच महिने भरपूर वाटतात, पण दिवाळीपर्यंत फिजिक्स मागे पडतं हा नेहमीचा अनुभव. बायोलॉजीत मन रमतं, धडे पटापट संपतात, म्हणून तिकडेच जास्त वेळ जातो. त्यावर एक साधा उपाय म्हणजे सकाळचा पहिला तीन तासांचा तुकडा रोज फिजिक्सचाच ठेवणं. दुपारी केमिस्ट्री, संध्याकाळी बायोलॉजी, रात्री एक तास फक्त जुनी उजळणी. प्रत्यक्ष नऊ तास झाले तरी पुष्कळ आहेत. टेबलावर बसलेले तास धरू नका, सोडवलेले प्रश्न मोजा: फिजिक्सचे ४०, केमिस्ट्रीचे ५०, बायोलॉजीचे १०० हा रोजचा वाजवी आकडा आहे.

फिजिक्स कच्चं असेल तर पुस्तकाच्या क्रमाने जाऊ नका. रोटेशनल मोशनमध्ये जुलै-ऑगस्ट अडकून पडले की मन खचतं. आधी युनिट्स, कायनेमॅटिक्स, न्यूटनचे नियम, वर्क-एनर्जी हा पाया घाला. मग करंट इलेक्ट्रिसिटी, रे ऑप्टिक्स, सेमीकंडक्टर आणि मॉडर्न फिजिक्सकडे वळा. हे धडे तुलनेने आटोपशीर आहेत आणि त्यांचे प्रश्न हमखास येतात. २०२५ चं फिजिक्स लांबलचक आणि अवघड गेलं होतं, त्यामुळे फक्त जुन्या सोप्या पेपरांवर तयारी मोजू नका.

केमिस्ट्रीचे तीन भाग तीन वेगळ्या पद्धतींनी करावे लागतात. फिजिकल म्हणजे गणितं, ती रोज दहा-पंधरा हाताने सोडवायची. ऑरगॅनिकसाठी एका मोठ्या कागदावर अल्केनपासून अमाइनपर्यंतच्या अभिक्रियांचा नकाशा काढा आणि दर आठवड्याला तो न बघता पुन्हा काढा. इनऑरगॅनिक थोडंथोडं आणि वारंवार, कारण ते सगळ्यात लवकर उडतं.

वाचणं पुरत नाही, आठवावं लागतं

रिपीटरच्या अभ्यासातली ही सगळ्यात महत्त्वाची गोष्ट आहे, म्हणून एक उदाहरण जवळून पाहू. मायोसिसचा प्रोफेज १ प्रत्येकाने चार-पाच वेळा वाचलेला असतो. पुस्तक उघडलं की सगळं आठवतं. आता पुस्तक मिटा, कोऱ्या कागदावर पाच टप्पे लिहा आणि प्रत्येकापुढे एकच ओळखीची खूण लिहा. लेप्टोटीन: गुणसूत्रं हळूहळू दिसू लागतात. झायगोटीन: जोड्या जुळतात, सिनॅप्टोनेमल कॉम्प्लेक्स तयार होतं. पॅकिटीन: क्रॉसिंग ओव्हर, रिकॉम्बिनेझ. डिप्लोटीन: कॉम्प्लेक्स विरघळतं, कायझ्माटा दिसतात. डायकायनेसिस: कायझ्माटा टोकाकडे सरकतात, केंद्रिका नाहीशी होते. बहुतेकांची गडबड पॅकिटीन आणि डिप्लोटीनमध्ये होते, कारण क्रॉसिंग ओव्हर आणि कायझ्माटा हे शब्द डोक्यात एकत्र साठवलेले असतात. परीक्षेत पर्याय नेमके याच फटीत बोट घालतात. ही फट पाचव्यांदा वाचून सापडत नाही. ती कोऱ्या कागदावर सापडते.

प्रत्येक धड्याला हेच करा. वाचून झाल्यावर त्याच संध्याकाळी दहा मिनिटं, मग तिसऱ्या दिवशी, दहाव्या दिवशी आणि महिन्याने. तारखा धड्याच्या पहिल्या पानावर पेन्सिलने लिहून ठेवल्या की रात्रीच्या उजळणीत काय करायचं हे शोधावं लागत नाही.

चुकांची वही

वही जाड हवी आणि एकच हवी. तीन विषयांच्या तीन वह्या केल्या की एक हरवते आणि दोन रिकाम्या राहतात. प्रत्येक चुकीला चार ओळी: प्रश्न थोडक्यात, मी काय केलं, बरोबर काय, पुन्हा चुकू नये म्हणून काय तपासायचं. ‘सिली मिस्टेक’ हे दोन शब्द वहीत लिहायला स्वतःला मनाई करा, कारण त्यातून काहीच कळत नाही.

उदाहरणार्थ: स्क्रू गेजचा पिच ०.५ मिमी, वर्तुळाकार पट्टीवर ५० भाग, म्हणून लघुतम माप ०.०१ मिमी. मुख्य पट्टीवर २.५ मिमी, वर्तुळाकार पट्टीवर २० वा भाग, शून्य त्रुटी अधिक ०.०३ मिमी. वाचन २.५० + ०.२० = २.७० मिमी. इथे अनेकजण ०.०३ मिळवून २.७३ लिहितात आणि तो पर्याय प्रश्नपत्रिकेत असतोच. त्रुटी धन असेल तर वजा करायची, उत्तर २.६७. वहीत शेवटची ओळ अशी असावी: ‘काहीही नसताना उपकरण ०.०३ जास्त दाखवतं, म्हणून मोजलेलंही तेवढंच जास्त आहे, वजा कर.’ नियम पाठ करण्यापेक्षा हे कारण जास्त काळ टिकतं.

रविवारी सकाळी वही पहिल्या पानापासून चाळायची. ज्या प्रकारची चूक तीन आठवडे पुन्हा झाली नाही, तिच्यावर रेघ मारा. मार्चपर्यंत न खोडलेल्या चुका वेगळ्या काढा. शेवटच्या महिन्याचा अभ्यास तोच.

मॉक टेस्ट

डिसेंबरपर्यंत पंधरवड्याला एक पूर्ण पेपर, जानेवारी ते मार्च आठवड्याला एक, एप्रिलमध्ये आठवड्याला दोन-तीन. त्याहून जास्त नको, कारण तीन तासांच्या पेपरानंतर त्याच्या तपासणीला पाच-सहा तास लागतात आणि मार्क वाढतात ते त्या तपासणीतून. पेपर दुपारी २ ते ५ याच वेळेत द्या. जेवणानंतरची सुस्ती ही खरी अडचण आहे. वर्षभर दुपारी झोपणाऱ्याला मे महिन्यात ती एकदम झटकता येत नाही. छापील ओएमआरवर, बॉलपेननेच सराव करा. एक गोल भरायला चार सेकंद धरले तरी १८० गोलांना १२ मिनिटं लागतात. मोबाइलवर टेस्ट देणाऱ्यांच्या हिशोबात ही १२ मिनिटं नसतातच.

गोल शेवटी एकदम भरू नका. प्रश्नपत्रिकेचं एक पान झालं की त्या पानाचे गोल भरा आणि प्रश्नक्रमांक मनात म्हणा. एखादा प्रश्न सोडला की पुढचा गोल त्याच्या जागी भरला जातो आणि खालची रांगच घसरते. बॉलपेनची खूण पुसता येत नाही.

क्रम बहुतेकांना बायोलॉजी, केमिस्ट्री, फिजिक्स असा सोयीचा जातो: ५० मिनिटं, ५० मिनिटं, ६५ मिनिटं, आणि उरलेली १५ मागे ठेवलेल्या प्रश्नांसाठी. ज्याचं फिजिक्स पक्कं आहे त्याने ते दुसरं घेऊन पाहावं. जानेवारीपर्यंत दोन-तीन क्रम आजमावा, नंतर बदलू नका. एका प्रश्नावर दोन मिनिटं गेली आणि वाट दिसत नसेल तर खूण करून पुढे जा. बायोलॉजीत ‘चुकीचे विधान ओळखा’मधला ‘चुकीचे’ हा शब्द वाचताक्षणी पेनने गोल करा. नुसत्या या सवयीने वाचण्यातल्या चुका कमी होतात.

अंदाजाने उत्तर द्यावं का? गणित सांगतं की पाचात एक जरी बरोबर आलं तरी तोटा होत नाही. दोन पर्यायांत अडकलात तर सरासरी दीड मार्काचा फायदाच आहे. पण पर्याय चिठ्ठ्या टाकून ठरवलेले नसतात. अर्धवट माहिती असणारा नेमका ज्या पर्यायाकडे ओढला जाईल तोच पर्याय तिथे मुद्दाम ठेवलेला असतो. म्हणून स्वतःचा आकडा काढा. मॉकमध्ये ज्या उत्तराची खात्री नाही त्यापुढे त्रिकोण काढा. दहा मॉकनंतर त्रिकोणांपैकी किती बरोबर आले ते मोजा, विषयवार. बायोलॉजीत निम्मे बरोबर येत असतील तर तिथे बेलाशक उत्तर द्या. फिजिक्समध्ये सहात एक येत असेल तर तिथे हात आवरा.

घर, तब्येत

नातेवाइकांच्या फोनला काय उत्तर द्यायचं ते आई-वडिलांनी मुलाशी बोलून एकदा ठरवावं आणि पुढे स्वतःच द्यावं. मॉकचे मार्क दर वेळी विचारू नयेत; महिन्यातून एकदा, मुलाने ठरवलेल्या दिवशी, वही समोर ठेवून बोलावं. रविवारची दुपार मोकळी ठेवा. सात तासांच्या झोपेला कात्री लावून मिळवलेला वेळ दुसऱ्या दिवशी दुप्पट जातो. सलग दोन आठवडे झोप उडाली, जेवण तुटलं, कशातच मन लागेना किंवा जगणं नकोसं वाटू लागलं, तर अभ्यास थांबवून डॉक्टरांना भेटा. टेली-मानस १४४१६ हा मानसिक आरोग्यासाठीचा सरकारी क्रमांक मोफत आहे, चोवीस तास चालतो आणि मराठीतही बोलता येतं.

कागदपत्रं

हे काम मुलाकडे देऊ नका. घरातल्या एका मोठ्या माणसाने जुलैतच फाइल करावी. जात वैधता प्रमाणपत्र नसेल तर अर्ज आत्ताच करा. प्रवेशाच्या आठवड्यात ते हातात नसणं हा सर्वांत दुखरा प्रकार आहे. नॉन-क्रिमीलेयर प्रमाणपत्राची मुदत पाहा. १५ टक्के अखिल भारतीय कोट्यासाठी केंद्राच्या नमुन्यातलं ओबीसी प्रमाणपत्र लागतं, राज्याचं चालत नाही. अधिवास प्रमाणपत्र आणि वर्षाच्या खंडाचं प्रतिज्ञापत्र फाइलमध्ये ठेवा. आधार आणि दहावीच्या प्रमाणपत्रावरचं नाव अक्षरशः सारखं हवं. बारावीला पीसीबीची (फिजिक्स, केमिस्ट्री, बायोलॉजी मिळून) टक्केवारी अपुरी असेल (खुल्या गटाला ५०, राखीवला ४०) तर मंडळाच्या श्रेणीसुधार परीक्षेची तारीखही याच वेळी टिपून ठेवा. अर्जात प्रश्नपत्रिकेची भाषा निवडताना विचार करा. मराठी घेतली तर इंग्रजीही सोबत छापलेली असते, पण भाषांतरात शंका आली तर इंग्रजी मजकूर ग्राह्य धरतात, आणि बारावी इंग्रजीतून केलेल्याला मराठी संज्ञा ऐन वेळी अडखळवतात.

शेवटचे दिवस

परीक्षेच्या तीन दिवस आधी शेवटचा पूर्ण पेपर, नंतर नाही. मग फक्त चुकांची वही, फॉर्म्युल्यांचं पान आणि बायोलॉजीच्या आकृत्या. केंद्र आदल्या दिवशी पाहून या. गेट दीडला बंद होतं. प्रवेशपत्रावर तुमची हजर राहायची वेळ त्याच्या आधीची असते, ती पाळा. फिके, अर्ध्या बाह्यांचे कपडे आणि साध्या चपला घाला. पेन आत मिळतं. जेवण अकराच्या सुमारास आणि हलकं.

पेपर हातात आला की ओएमआरवरचा आणि प्रश्नपत्रिकेवरचा कोड एकच आहे ना, पानं सगळी आहेत ना, हे पाहा. पहिले पाच प्रश्न अवघड गेले तर पान उलटा. सोपे प्रश्न पुढे विखुरलेले असतातच. साडेचारला घड्याळ पाहा. कोणताही विषय तोवर अर्धवट असेल तर मागे ठेवलेल्या प्रश्नांकडे न वळता आधी त्या विषयातले न वाचलेले प्रश्न वाचून घ्या, कारण त्यांतले काही दहा सेकंदांत सुटणारे असतात. पाचला दहा कमी असताना नवीन गणित सुरू करू नका. त्या दहा मिनिटांत रोल नंबर, सही आणि प्रत्येक रकान्यातला शेवटचा गोल तपासा.